दिसणारी मराठी, असणारी मराठी

यंत्र बिघडले, असे आपण सरसकट म्हणतो. शिलाई यंत्राचा पट्टा तुटला तरी बिघडले, घड्याळाची स्प्रिंग गेली तरी बिघडले. या जुन्या यंत्रांच्या बाबतीत ते खरेही असते. काम थांबणे आणि बिघाड होणे या दोन वेगळ्या गोष्टी तेथे नसतात. लॅपटॉपचे तसे नाही. त्याचा एक अवयव असा आहे, की तो निकामी झाल्यावरही आतले सारे व्यवहार कधीकधी चालूच राहतात. फक्त त्यांची वार्ता बाहेर पोहोचत नाही. तो अवयव म्हणजे ग्राफिक्स चिप. शब्द आत असतात, त्यांचा क्रम शाबूत असतो, कळ दाबली की नवे अक्षर त्या क्रमात जाऊन बसते. आणि पडदा मात्र काळा असतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही अवस्था निव्वळ तांत्रिक वाटू नये. संहिता 'असते' म्हणजे कोठे असते आणि ती 'दिसते' म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपण वर्गात वेगवेगळ्या निमित्ताने विचारतच असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप गेली, तेव्हा या प्रश्नाचे जे उत्तर मला मिळाले ते मी वर्गात देत आलेल्या उत्तरापेक्षा वेगळे होते. ते येथे नोंदवावेसे वाटते.

बिघाडाची सुरुवात अक्षरांपासून झाली नाही, रंगांपासून झाली. पडद्यावर आधी बारीक उभ्या रेषा उमटू लागल्या. मग कधी जांभळे, कधी हिरवे चौकोन. लॅपटॉप गार असताना ते दिसत नसत. तासाभराने, पंख्याचा आवाज वाढला की दिसत. पुढे चित्र जागच्या जागी गोठू लागले आणि एका दुपारी पडदा काळा झाला तो झालाच. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहिला, तोही काळा. म्हणजे दोष पडद्यात नव्हता. पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या चिपमध्येच होता. मात्र कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा इवलासा दिवा इमानाने लागत होता आणि विझत होता. चिप गेली की अनेक यंत्रे सुरूच होत नाहीत. माझे होत होते. ते जिवंत होते, पण त्याचा चेहरा गेला होता.

हे का होते, त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर पायांनी उभी नसते. तिच्या पोटाखाली सोल्डरच्या शेकडो बारीक गोळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्या गोळ्यांवाटेच तिचा सारा संवाद चालतो. काम वाढले की चिप तापते, थांबले की निवते. तापताना चिपचे सिलिकॉन, तिच्या खालचा पत्रा आणि मदरबोर्ड ही तिन्ही द्रव्ये प्रसरण पावतात. पण सारख्या प्रमाणात नव्हे. या ओढाताणीचा भार मधल्या सांध्यांवर पडतो. एकदा तापण्या-निवण्याने काही होत नाही. हजारो वेळा झाले की सांध्यात केसाएवढी भेग पडते. कथिल आणि शिशाचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध आणले, तेव्हापासून कथिल, चांदी आणि तांबे यांचे मिश्रण रूढ झाले. ते सुमारे २१७ अंशांना वितळते, आणि त्याचा स्वभावही वेगळा आहे. उत्पादकांना सांधे जोडण्याची विद्या काही अंशी नव्याने शिकावी लागली. दोष कधी या सांध्यांत असतो, कधी चिपच्या आवरणाच्या आत. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने लॅपटॉपमधील काही चिपा आवरणातील कच्च्या द्रव्यामुळे निकामी होत असल्याचे सांगून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली होती. माझा लॅपटॉप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतलेला असल्याने त्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. सांगायचे एवढेच, की चित्र दाखवण्याचे काम करणारा अवयवच यंत्रात सर्वांत अधिक तापणाऱ्यांपैकी एक असतो, आणि म्हणून पुष्कळदा तोच आधी जातो.

दुरुस्तीच्या दुकानातला तरुण फार बोलला नाही. त्याने मागचे झाकण उघडले, दहा मिनिटे पाहिले आणि सांगितले, "मॅडम, चिपला हीट देऊन बघता येईल. चालली तर चालली, गॅरंटी नाही. नाहीतर बोर्ड बदलायचा. त्यात नवीन लॅपटॉप येईल." हीट देणे म्हणजे गरम हवेने चिप तापवून खालचे सोल्डर पुन्हा वितळवणे. भेग तेथेच असेल तर ती मिटते. पण भेग आवरणाच्या आत असेल तर ही उष्णता तिला चार दिवसांपुरती बुजवते, आणि मग पुन्हा तेच. "डेटाची काळजी करू नका," तो म्हणाला, "हार्डडिस्क चांगली आहे. काढून केसमध्ये टाकून देतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा." मला ऐकायचे होते ते हेच वाक्य होते. हार्डडिस्क नीट असेल तर आत्या सुखरूप होती.

आत्याच्या ओव्यांबद्दल येथे थोडे सांगितले पाहिजे. माझी आत्या माण तालुक्यातली. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. किती, ते तिलाही ठाऊक नव्हते. २००३ आणि २००४ च्या सुट्ट्यांत तिने सांगितल्या आणि मी वह्यांत उतरवल्या, मग घरच्या संगणकावर टंकित केल्या. एकूण तीनशे चाळीस. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्याखेड्यांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या राशीपुढे ही मूठभरच. पण ही एका बाईची मूठ होती, आणि एकाच कंठातून आलेल्या ओव्यांना त्या कंठाची एक सलगता असते. आत्या २००९ मध्ये गेली. वह्यांपैकी निम्म्या पुढे वाळवीने खाल्ल्या. उरली ती संगणकातली फाइल. ती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात, दुसऱ्यातून तिसऱ्यात येत राहिली. या लॅपटॉपवर मी तिच्यावर टिपा लिहीत होते, प्रस्तावना लिहीत होते.

डिस्क काढायला देण्याआधीच्या आठवड्यात एम.ए.चा एक विद्यार्थी प्रबंधिकेच्या कामासाठी घरी आला. तो जन्मतः दृष्टिहीन आहे. लॅपटॉप बंद पडल्याचे मी सांगितले तेव्हा त्याने विचारले, "बंद पडलाय म्हणजे काय झालंय, मॅडम?" पडद्यावर काही दिसत नाही, असे मी म्हणाले. तो जरा थांबला. "आवाज येतो का?" आवाज वाढवण्याची कळ दाबली तर टिचकीसारखा नाद आला. "मग चालू आहे की," तो म्हणाला.

त्याने खिशातला पेनड्राइव्ह लावला. मी माझा पासवर्ड आंधळेपणाने टंकित केला. हा शब्दप्रयोग मी त्याच्यासमोर मनातच गिळला. त्याने दोन-तीन कळा दाबल्या, एक आज्ञा लिहिली, आणि यंत्र बोलू लागले. पेनड्राइव्हमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर होता. मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. आज तो जगभर विनामूल्य वापरला जातो आणि मराठीही वाचतो. वर उल्लेखिलेल्या कंपनीच्या नावाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. पण योगायोगही कधी नेमका असतो. एकीचा धंदा दाखवण्याचा, दुसऱ्याचे काम न दाखवता ऐकवण्याचे. पुढची वीस मिनिटे तो माझ्या लॅपटॉपवर असा वावरला, की बिघाड यंत्रात आहे की माझ्यात, असा प्रश्न पडावा. फोल्डरमागून फोल्डर उघडत तो प्रस्तावनेपर्यंत पोहोचला. एका यंत्रमय, सपाट, पण स्वच्छ मराठी आवाजात माझी वाक्ये मला ऐकू आली.

"आता ओव्यांची फाइल उघड," मी म्हणाले.

त्याने उघडली. यंत्र इंग्रजी मुळाक्षरे बडबडू लागले. मधूनच एखादा आकडा, मधूनच स्वल्पविराम, 'टक्के', 'डॉलर', पुन्हा मुळाक्षरे. त्याने ओळ बदलली, पान बदलले, फाइल बंद करून पुन्हा उघडली. तीनशे चाळीस ओव्यांत मराठीचा एक शब्द त्या यंत्राला सापडत नव्हता. "मॅडम," तो म्हणाला, "ही मराठी नाहीये."

ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत संगणकावर मराठी लिहिली त्यांना याचे कारण लगेच कळेल. त्या काळी घरोघरी, छापखान्यांत आणि विद्यापीठांत जे मराठी फॉन्ट वापरले जात, त्यांत युक्ती अशी असे, की संगणकाच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच राहायचे. फक्त त्या अक्षराचे चित्र देवनागरी काढायचे. आत रोमन अक्षराचा क्रमांक साठवलेला आणि बाहेर 'क' दिसतो. वेगवेगळ्या फॉन्टांचे तक्ते वेगवेगळे. एकात जे 'क' ते दुसऱ्यात 'म' निघे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरीला तीत स्वतःची जागा होती. विंडोजमध्ये देवनागरीचा आधार मात्र विंडोज २००० पासून आला, आणि लोकांच्या सवयीत तो मुरायला आणखी बरीच वर्षे लागली. तोवर टंकित झालेली मराठी ही डोळ्यांपुरती मराठी होती. यंत्राच्या आत ती नव्हतीच.

दोन्ही पद्धतींतला फरक केवळ क्रमांकांचा नाही. तो भाषेकडे पाहण्याचा आहे. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. कागदावर पहिली वेलांटी 'व'च्या आधी दिसते. जुन्या फॉन्टांत ती तशीच, आधी, साठवली जाई. कारण तेथे चित्राचा क्रम महत्त्वाचा. युनिकोड आधी 'व' साठवतो, मग वेलांटी. कारण उच्चारात व्यंजन आधी आणि स्वर नंतर येतो. प्राथमिक शाळेत आपण बाराखडी घोकली ती याच क्रमाने: 'व'ला पहिली वेलांटी 'वि'. रफाराचेही तसेच. 'धर्म' लिहिताना रफार 'म'च्या डोक्यावर, शेवटी दिला जातो; उच्चारात मात्र 'र्' हा 'म'च्या आधी आहे. जुना फॉन्ट हाताचे ऐकतो, युनिकोड जिभेचे. म्हणजे आजच्या संगणकाच्या पोटात मराठी ज्या रूपात असते ते लिपीचे रूप नाही. ते जवळजवळ उच्चाराचे रूप आहे, आणि लिपी हे त्याचे दर वेळी नव्याने घडवले जाणारे दर्शन आहे.

आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात वाच्य आणि व्यंग्य यांचा संबंध सांगताना घट आणि प्रदीप यांचा दृष्टान्त घेतला आहे. दिव्यामुळे घट दिसतो. पण घट दिसू लागला म्हणून दिव्याचा प्रकाश मावळत नाही. तसेच व्यंग्यार्थ प्रतीत झाला म्हणून वाच्यार्थ नाहीसा होत नाही. हा दृष्टान्त शिकवताना मी त्यातल्या एका गृहीतावर नेहमी बोट ठेवत आले: घट अंधारातही असतो, दिवा त्याला निर्माण करत नाही, प्रकट करतो. पडदा काळा झाला तेव्हा मला धीर दिला तो या गृहीताने. दिवा विझला आहे, घट जागेवर आहे; हार्डडिस्क काढली की झाले. आणि प्रस्तावनेच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. ओव्यांच्या बाबतीत मात्र वेगळेच निघाले. तेथे दिवा घट दाखवत नव्हता. घटाचा आकार दिव्यावरच चितारलेला होता आणि त्याची सावली इतकी वर्षे भिंतीवर पडत होती. दिवा विझल्याशिवाय हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता; कारण पडद्यावर दोन्ही फाइली सारख्याच सुंदर दिसत.

पुढचे काम सांगण्यासारखे आहे, कारण ते आपल्यापैकी अनेकांना करावे लागणार आहे. दुकानदाराने डिस्क काढून दिली. तिच्यातून ओव्यांची फाइल घेतली आणि, त्याहून महत्त्वाचे, तो जुना फॉन्ट घेतला. फॉन्ट ही येथे किल्ली आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरीसारख्या सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. शतकानुशतके ते मठांत होते, पाहणाऱ्याला दिसतही होते, पण किल्ली संप्रदायाबाहेर नव्हती म्हणून मराठी वाचकासाठी ते नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि जुन्या मराठी गद्याचा एक मोठा प्रदेश उजेडात आला. महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून घातले होते. आपण ते लावले तेव्हा ते कुलूप आहे हे कोणालाच दिसत नव्हते, आणि उकल करायला राजवाडे मिळतीलच असे नाही.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एकातून फाइल काढली. नऊ-दशांश मजकूर नीट उतरला. उरलेल्या एक-दशांशासाठी दोन महिने लागले. पद्धत अशी ठरली: मी दुसऱ्या संगणकावर जुन्या फॉन्टात मूळ फाइल पाहायची, तो परिवर्तित फाइल ऐकायचा, आणि जेथे दोघांचे जुळणार नाही तेथे थांबायचे. माझा डोळा चुका भरून काढून वाचत असे. ओळखीच्या मजकुराच्या बाबतीत डोळा नेहमीच तसे करतो. त्याच्या कानाला ती सवलत नव्हती.

एके दिवशी त्याने विचारले, "तुमच्या आत्या समुद्राकाठच्या होत्या का?" आत्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. "मग त्यांच्या ओव्यांत सारखा दर्या का येतो?" त्याने बाणाच्या कळीने एकेक वर्ण ऐकवला: द, र, हलन्त, य, काना. दर्या. मी मूळ फाइल पाहिली. तेथे रफार नव्हता, आडवी चंद्रकोरीसारखी खूण होती, जिने 'र'चा उच्चार हलका होतो आणि मराठीत अर्थ बदलतो. दऱ्या. महादेवाच्या डोंगररांगेतल्या, शिखर शिंगणापूरच्या वाटेवरच्या दऱ्या. परिवर्तकाच्या तक्त्यात त्या खुणेला जागा नव्हती, म्हणून त्याने तिला रफार समजून डोंगर बुडवला आणि समुद्र आणला. सोळा ओव्यांत हे झाले होते. पंधरांत मूळ फाइलवरून निर्णय झाला. सोळाव्या ओवीत मूळ फाइलमध्येच खूण फुटलेली होती, आणि त्या पानाची वही वाळवीने खाल्लेल्यांपैकी निघाली. ओवी नवऱ्याच्या मनाच्या थांगाविषयी आहे. दऱ्याही बसतात, आणि ज्या बाईने समुद्र पाहिला नाही तिच्याही तोंडी दर्या येऊ शकतो, कारण ओवी पाहिलेलेच सांगते असे नाही. आत्याचा तो शब्द आता कोणालाच ठाऊक नाही. मी तेथे दोन्ही पाठ दिले आहेत आणि निर्णय दिलेला नाही.

हे सारे एका घरगुती संग्रहापुरते असते तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्या काळातले प्रबंध सीडींवर आहेत, नियतकालिकांचे जुने अंक प्रकाशकांच्या संगणकांत आहेत, बोलींची आणि लोकगीतांची टिपणे निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांत आहेत. त्यांतले पुष्कळसे याच डोळ्यांपुरत्या मराठीत आहे. त्यांना 'डिजिटल' म्हणून आपण निश्चिंत असतो. परीक्षा अगदी सोपी आहे: त्यातला एक परिच्छेद कोऱ्या साध्या फाइलमध्ये चिकटवून पाहावा, मराठी उरते की इंग्रजी मुळाक्षरांचा कचरा, ते त्याच क्षणी कळते. किंवा एखादा शब्द शोधावा. किंवा, सर्वांत चांगले, तो मजकूर यंत्राकडून ऐकावा. दृष्टिहीन विद्यार्थ्याला जो ग्रंथ वाचता येत नाही तो आपल्यालाही फार काळ वाचता येणार नाही. त्याची अडचण ही आपल्या उद्याच्या अडचणीची आगाऊ सूचना असते. त्याच्यासाठी सोय करणे हे आपण परोपकाराच्या खात्यावर टाकतो. ती नोंद पाठचिकित्सेच्या खात्यावर हवी.

चिपला हीट देण्याचा बेत मी सोडून दिला. ओव्यांची नवी प्रत तयार आहे. तिच्यात मुद्रितशोधक म्हणून त्या विद्यार्थ्याचे नाव राहील. जुनी फाइल आणि तिचा फॉन्ट मी सोबतच, एकाच ठिकाणी ठेवले आहेत, कारण सोळाव्या ओवीबद्दल कोणाला कधी माझ्यापेक्षा अधिक काही सुचले, तर त्या फुटलेल्या खुणेपर्यंत त्याला पोहोचता आले पाहिजे.